वाटणी झाली तरी काही सामाईक राहतंच

"मावशी, निळी स्क्रीन आलीय आणि रिकव्हरी की मागतेय. माझं सगळं गेलं का गं?"

गेल्या बुधवारी रात्री साडेदहाला भाचीचा फोन. आवाज रडवेला. कॉलेजचा प्रोजेक्ट त्याच लॅपटॉपवर आणि दुसरी कॉपी कुठेच नाही. म्हटलं आधी शांत बस, काही गेलेलं नाहीये, शेवटचं काय बदललंस तेवढं सांग. तर तिने बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे सही केलेलं सॉफ्टवेअरच चालू होऊ देणारी सोय, बंद केलेलं, कारण विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकायची तर ते बंद करावंच लागतं असं वर्गातल्या कुणीतरी तिला सांगितलेलं. लिनक्सचा पेनड्राइव्ह तर अजून लावलाही नव्हता.

झालं होतं ते असं. तिच्या लॅपटॉपची डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने एनक्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद, होती. हल्लीचे बरेच लॅपटॉप पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की आपोआप तसे होतात आणि आपल्या लक्षातही येत नाही. त्या कुलपाची किल्ली टीपीएम नावाच्या चिपकडे असते, आणि ती चिप किल्ली द्यायच्या आधी बघते की मशीन रोज ज्या वाटेने चालू होतं त्याच वाटेने आज होतंय ना. सिक्युअर बूट बंद केलं की वाट बदलली, मग चिप किल्ली देत नाही आणि विंडोज माणसाकडे ४८ आकडी की मागतं. म्हणजे बिघडलं काहीच नव्हतं, जे व्हायला पाहिजे तेच झालं होतं.

की तिच्या अकाउंटमध्ये सेव्ह होती. फोन स्पीकरवर टाकून ती सहा-सहा आकड्यांचे आठ गट एकेक करून मोठ्याने वाचत टाइप करत होती आणि मी इकडे नुसती ऐकत होते. तिसऱ्या गटाला मशीनने तिथल्या तिथे अडवलं, एक आकडा चुकला होता. (त्या प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जाईल असेच आकडे बनवलेले असतात, म्हणून चूक पुढे जायच्या आत सापडते. मला ही गोष्ट फार आवडते, ज्यांनी कुणी हे ठरवलं त्यांनी रात्री घाबऱ्या आवाजात आकडे वाचणाऱ्या माणसाचा विचार केलेला आहे.) आठवा गट झाला, एंटर दाबलं, विंडोज उघडलं. मग मी तिला सांगितलं की सिक्युअर बूट परत चालू केलं असतं तरी बहुतेक काम झालं असतं, पण ही की तुझ्याकडे कागदावर असायलाच पाहिजे, आधी ती उतरवून घे.

"आता मला नको ते लिनक्स," ती म्हणाली.

म्हटलं टाकू की, रविवारी दोघी मिळून टाकू. पण त्याआधी तुला एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल. ती गोष्ट फोनवर सांगता सांगता अर्धा तास गेला आणि तरी निम्मी राहिली, म्हणून आता सगळीच इथे लिहून काढतेय.

गोष्ट अशी की ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टिम, म्हटलं की सगळे वाटणीचं बोलतात. लिनक्सला किती जीबी द्यायचे, विंडोजला किती ठेवायचे, पार्टिशन म्हणजे डिस्कचे हिस्से किती करायचे. वाटणी हे या कामातलं सोपं काम आहे, अर्ध्या तासात होतं. अवघड असतं ते सामाईक राहिलेलं सांभाळणं. सामाईक हा शब्द मला इथे फार नेमका वाटतो. हिस्से वेगळे झाले तरी विहीर सामाईक असते, येण्याजाण्याची वाट सामाईक असते. डिस्कचे हिस्से पाडता येतात पण मशीन एकच राहतं, त्याचं घड्याळ एक, ब्लूटूथ एक, चालू होण्याची वाट एक. आणि या दोन सिस्टिम एकमेकींना कधीच भेटत नाहीत, एक चालू असते तेव्हा दुसरी म्हणजे डिस्कवर पडलेल्या नुसत्या फायली. ज्या काही भेटतात त्या सामाईक जागेत एकीने ठेवलेलं दुसरीला सापडतं तेवढ्यापुरत्या. दोघींना ओळखणारं मशीनसमोर बसलेलं एकच माणूस असतं.

मला हे कळलं ते माझ्या जुन्या डेस्कटॉपवर. त्यावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही होतं, वर्षभर लिनक्स फारसं उघडलं नाही, विंडोजमध्ये जागा कमी पडायला लागली तेव्हा डिस्क मॅनेजमेंटमध्ये गेले आणि लिनक्सचं पार्टिशन डिलीट करून टाकलं. जागा मिळाली, विंडोज चालूच होतं, सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन लावलं तर काळी स्क्रीन, त्यावर एक ओळ, असं पार्टिशन नाही अशा अर्थाची, आणि खाली "ग्रब रेस्क्यू" लिहून पुढे लुकलुकणारा कर्सर. बस्स. कितीही एंटर दाबा, तीच ओळ परत.

ते मशीन जुन्या पद्धतीचं, बायोस आणि एमबीआरवालं. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे पहिल्या कप्प्यात, ५१२ बाइट असतात, त्यालाच एमबीआर म्हणतात. त्यातले ४४६ बाइट म्हणजे चालू होताना चालवायचा छोटासा कोड, पुढचे ६४ म्हणजे पार्टिशनचं टेबल, १६ बाइटची एक नोंद अशा चार नोंदी, आणि शेवटचे दोन बाइट म्हणजे हा सेक्टर बूट करण्यासारखा आहे अशी खूण. १९८३ साली पीसी डॉस २.० बरोबर आलेली ही मांडणी, ती पुढे कितीतरी वर्षं तशीच चालली. आता ४४६ बाइटमध्ये सिस्टिम चालू करून देणारा अख्खा बूटलोडर कुठला बसणार? म्हणून लिनक्सचा बूटलोडर ग्रब आपला छोटा तुकडा तिथे ठेवतो, त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेत थोडा आणखी, आणि बाकीचं सामान लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. मी नेमकं तेच पार्टिशन पुसलं होतं. विंडोजचा एक बाइटही हलला नव्हता, पण विंडोजपर्यंत जायची वाट ज्या खोलीतून जात होती ती खोलीच मी पाडली होती.

दुरुस्ती चार मिनिटांची निघाली. विंडोजच्या इन्स्टॉल डिस्कवरून चालू करायचं, कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, पहिल्या सेक्टरमधला कोड परत विंडोजचा लिहायची एक कमांड द्यायची. पण ती चार मिनिटं सापडायला मला अख्खा दिवस लागला आणि त्या दिवसभरात माझे फोटो गेले, हिशेब गेले असं धरूनच मी चालले होते. ते अजून आठवतं, म्हणून भाचीचा आवाज ऐकला तेव्हा पहिलं वाक्य "काही गेलेलं नाहीये" हेच तोंडातून आलं.

आणि हे काही नवख्यांनाच होतं असं नाही. लिनक्स ज्याने लिहिलं तो लिनस टोरवाल्ड्स, १९९१ साली त्याच्या ३८६ मशीनवर मिनिक्स नावाची सिस्टिम होती आणि तिच्याच आधाराने तो स्वतःची सिस्टिम लिहीत होता. एकदा मोडेमवरून युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटरला फोन लावायचा होता, मोडेमच्या जागी चुकून हार्ड डिस्कचं नाव दिलं गेलं आणि डायल करायच्या कमांड थेट मिनिक्सच्या पार्टिशनवर लिहिल्या गेल्या. मिनिक्स गेलं. तो परत टाकू शकला असता, पण त्याने ठरवलं की आता आपली सिस्टिम पुरेशी झालीय, तिच्यावरच राहू. मला ही हकिगत कळली तेव्हा फार धीर आला. लिनक्सची सुरुवातच दोन सिस्टिमवाल्या मशीनवर झालेली आहे, आणि त्यातली एक अशी पुसली गेली.

आता नव्या लॅपटॉपचं सांगते, कारण हल्ली सगळ्यांकडे तसंच असतं. जुन्या बायोसच्या जागी यूईएफआय आणि एमबीआरच्या जागी जीपीटी. इथे पार्टिशनला चारची मर्यादा नाही, साधारणपणे १२८ नोंदींची जागा असते, आणि टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. माझी डिस्क ५१२ जीबीची, विंडोज तिला ४७६ म्हणतं (मोजायची पद्धत वेगळी, एक हजाराने मोजतं, दुसरं १०२४ ने, जागा कुणी खाल्लेली नसते). सी ड्राइव्हमध्ये २९० जीबी मोकळे दिसत होते, आणि ड्राइव्ह लहान करायला श्रिंक व्हॉल्यूम म्हटलं तर जेमतेम ४० जीबी काढून देतो म्हणाला.

इथे बरेच लोक वैतागून दुसरं काहीतरी टूल आणतात आणि तिथून घोळ सुरू होतो. कारण साधं आहे. डिस्कच्या मधोमध किंवा शेवटाकडे काही फायली अशा बसलेल्या असतात ज्या चालू विंडोजला हलवता येत नाहीत, हायबरनेशनची (म्हणजे चालू स्थिती डिस्कवर लिहून झोपण्याची) फाइल, रॅम कमी पडली की लागणारी पेजफाइल, मागे परतण्यासाठीचे रिस्टोअर पॉइंट. त्या जिथे बसल्यात त्याच्या अलीकडे श्रिंक जातच नाही. मी तिन्ही तात्पुरतं बंद केलं, रीस्टार्ट केलं, परत विचारलं, मग गडी १८० जीबी द्यायला तयार झाला. काम झाल्यावर पेजफाइल आणि रिस्टोअर पॉइंट परत चालू केले, हायबरनेशन का केलं नाही ते पुढे येतंच. १८० पैकी १०० लिनक्सला आणि ८० दोघींच्या सामाईक डेटाला असं ठरवलं. माझं मत असं की विंडोजचं पार्टिशन विंडोजमधूनच लहान करावं. दुसऱ्या टूलने होत नाही असं नाही, पण ज्याचं घर त्यानेच भिंत सरकवलेली बरी.

मग ती स्क्रीन येते. लिनक्सचा इन्स्टॉलर विचारतो की पुढचे बदल डिस्कवर लिहू का, आणि खाली यादी. पी वन, पी टू, पी थ्री अशी नावं. मी समोर कागद घेऊन बसले होते, त्यावर विंडोजमध्ये असतानाच प्रत्येक पार्टिशनचा आकार लिहून घेतलेला, आणि एकेक ओळ त्या कागदाशी ताडून बघत होते. पी वन म्हणजे ईएफआय सिस्टिम पार्टिशन, १०० एमबी. पी टू ही विंडोजने राखून ठेवलेली १६ एमबीची चिमुकली जागा, जी डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसतच नाही, म्हणून कागदावर नव्हती आणि मी दोन मिनिटं थांबले. पी थ्री म्हणजे सी ड्राइव्ह. पी फोर रिकव्हरीचं, ते डिस्कच्या टोकाला. आणि नवीन होणारं पी फाइव्ह, जे नंबराने पाचवं पण जागेने तिसऱ्याच्या आणि चौथ्याच्या मध्ये. हे बघून माणूस गोंधळतो, नंबर म्हणजे रांगेतली जागा नव्हे. मी माउसवरचा हात काढून घेतला, सगळं परत वाचलं, पी वनसमोर फॉरमॅटची टिक नाहीये ना हे तिसऱ्यांदा बघितलं आणि मग होय म्हटलं.

पी वनचं एवढं का, तर तेच सामाईक. फॅट ३२ मधलं एक छोटं पार्टिशन, त्यात एका फोल्डरमध्ये विंडोजचा बूटलोडर, शेजारच्या फोल्डरमध्ये लिनक्सचा. एकमेकांच्या फोल्डरला हात लावायचं कारण नाही. मशीनच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक यादी असते की कोणकोणते बूटलोडर आहेत आणि कोणाला आधी विचारायचं. जुन्या पद्धतीत पहिला सेक्टर एकच, ज्याने शेवटचा लिहिला त्याचा, आधीच्याचा पुसलेला. नव्या पद्धतीत दोघांना आपापली जागा आहे, भांडण राहिलं ते फक्त रांगेत पहिलं कोण एवढंच. कधी एखाद्या मोठ्या अपडेटनंतर ग्रबचा मेनू दिसेनासा होतो आणि लोक म्हणतात माझं लिनक्स उडालं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा फक्त ही रांग बदललेली असते. फर्मवेअरमध्ये जाऊन क्रम परत लावला की झालं. पण तेच पार्टिशन इन्स्टॉल करताना फॉरमॅट झालं तर विंडोजचा सी ड्राइव्ह शाबूत असून विंडोज चालू होत नाही. माझ्या जुन्या डेस्कटॉपचीच गोष्ट, नव्या कपड्यात. एक मात्र आहे, १०० एमबी ही फार थोडी जागा, काही लिनक्स आपला कर्नल म्हणजे गाभासुद्धा इथेच ठेवतात आणि मग ती पुरत नाही, तेव्हा आपण टाकतोय ते काय करतं हे आधी बघून घ्यावं.

आता ज्याच्यावर मी भाचीशी सगळ्यात जास्त वेळ बोलले ते.

शटडाउन म्हटलं की मशीन बंद होतं असं आपण धरून चालतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तसं नसतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करताना आपले प्रोग्रॅम बंद होतात पण विंडोजचा गाभा, कर्नल आणि ड्रायव्हर, हे सगळं आहे त्या स्थितीत डिस्कवरच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवलं जातं आणि उद्या तिथूनच पुढे चालू होतं. म्हणून तर ते लवकर उघडतं. आता जरा विचार करा, त्या लिहून ठेवलेल्या स्थितीत ड्राइव्हवर कुठली फाइल कुठे आहे याची विंडोजची समजूतही गोठवलेली आहे. मध्ये मी लिनक्स उघडलं, सामाईक डी ड्राइव्हवरच्या चार फायली हलवल्या, दोन नवीन केल्या. उद्या विंडोज उठलं की ते कालच्याच समजुतीवर काम करणार, आणि जिथे माझ्या नव्या फायली आहेत ती जागा मोकळी समजून त्यावर लिहिणार. विंडोजने काही चूक केली नाही, लिनक्सनेही केली नाही. एक झोपलं होतं आणि दुसऱ्याने त्याच्या घरातलं सामान हलवलं.

म्हणून लिनक्स अशा वेळी तो ड्राइव्ह नुसता वाचायला उघडतो, लिहू देत नाही, आणि विंडोज हायबरनेट केलेलं आहे असं सांगतो. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला राग आला होता, माझीच डिस्क आणि मलाच लिहिता येत नाही. शोधलं तर जबरदस्तीने लिहायची सोय करून देणारा मार्गही सापडतो, त्यात ती झोपेची फाइलच उडवून टाकतात. मी ते केलं नाही याचा मला आजही आनंद आहे. विंडोजमध्ये परत गेले, पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअपची टिक काढली, मशीन खरोखर बंद केलं, मग लिनक्समध्ये आले, ड्राइव्ह निमूट उघडला. शटडाउनपेक्षा रीस्टार्ट जास्त पुरं असतं हे ऐकून भाचीला खरंच वाटेना, पण तसंच आहे, रीस्टार्टमध्ये ही झोप नसते. आणि हे उलट बाजूनेही तेवढंच खरं, लिनक्स हायबरनेट करून विंडोजमध्ये गेलात आणि सामाईक ड्राइव्हवर काही लिहिलंत तर तोच धोका. म्हणून या लॅपटॉपवर मी दोन्हीकडचं हायबरनेशन बंदच ठेवलंय. लॅपटॉप उघडायला जे काही सेकंद जास्त जातात ते जाऊ देत.

घड्याळाचं त्यामानाने सोपं. मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ चालू असतं, त्याला फक्त आकडे माहीत, कुठल्या टाइमझोनचे ते माहीत नाही. विंडोज समजतं हे स्थानिक वेळ दाखवतंय, लिनक्स समजतं हे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, दाखवतंय. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलं की वेळ बरोबर तेवढ्याच तासांनी चुकलेली, जेवढा आपल्या टाइमझोनचा फरक. मी पहिल्या आठवड्यात रोज घड्याळ हाताने लावत होते आणि बॅटरी गेली असं समजत होते. दोघींपैकी एकीला दुसरीची पद्धत सांगायची, लिनक्सला एका कमांडने सांगता येतं, विंडोजला रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या सेटिंगच्या नोंदवहीत, एक नोंद करून. मी विंडोजला यूटीसी शिकवलं, कारण जिथे उन्हाळ्याहिवाळ्यात घड्याळ पुढे-मागे करतात तिथे स्थानिक वेळेचा हिशेब दोन सिस्टिम दोनदा करून बसतात. एकीलाच सांगायचं मात्र. दोघींना सांगितलं तर परत तेच.

माउसचं मला फार दिवस कळलं नव्हतं. ब्लूटूथ माउस विंडोजमध्ये जोडला, छान चालला. लिनक्समध्ये आले, परत जोडला, तोही चालला. विंडोजमध्ये गेले तर मेलेला. यादीत नाव दिसतंय, जोडलेला आहे असं म्हणतंय, आणि माउसच्या पोटाखालचा दिवा नुसता उघडझाप करतोय. परत जोडला की लिनक्समध्ये मेलेला. असं रोज. मग कळलं की जोडताना माउस आणि कॉम्प्युटर मिळून एक गुप्त की ठरवतात आणि माउस ती त्या ब्लूटूथच्या पत्त्याशी लक्षात ठेवतो. दोन्ही सिस्टिमना ब्लूटूथ एकच, म्हणजे पत्ता एकच. माउसच्या दृष्टीने समोर एकच माणूस आहे, जो रोज नव्याने ओळख करून देतो आणि कालची की विसरतो. उपाय असा की एका सिस्टिममधली की काढून दुसरीत तीच ठेवायची, विंडोजच्या रजिस्ट्रीत ती सापडते आणि लिनक्समध्ये ब्लूटूथच्या फोल्डरमधल्या फाइलमध्ये लिहायची असते. बत्तीस अक्षरांची की मी एकेक करून उतरवली, दोनदा तपासली, रीस्टार्ट केलं, विंडोजमध्ये गेले, माउस हलवला. बाण हलला. लिनक्समध्ये आले, हलवला, हलला. त्या रात्री मी विनाकारण चार वेळा रीस्टार्ट केलं, केवळ तो बाण दोन्हीकडे हलताना बघायला.

सामाईक डेटाच्या पार्टिशनवर एक छोटी गंमत सांगते. लिनक्सला फाइलच्या नावात तिरकी रेघ सोडून जवळपास काहीही चालतं. विंडोजला विसर्गासारखे दोन टिंब, प्रश्नचिन्ह, चांदणी (*) असलं काही चालत नाही. मी एका नोंदीला वेळ टाकून नाव दिलं, साडेदहाची मीटिंग, मध्ये दोन टिंब. विंडोजमध्ये ती फाइल दिसते पण उघडत नाही, डिलीटही होत नाही. लिनक्समध्ये जाऊन नाव बदललं तेव्हा सुटली. तेव्हापासून नावात फक्त अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ.

आणि लिनक्समधून पहिल्यांदा विंडोजचा सी ड्राइव्ह उघडला तेव्हा मी जरा वेळ गप्प बसले होते. विंडोजवर माझ्या आईचं वेगळं अकाउंट होतं, पासवर्ड तिचा तिलाच माहीत. इकडून तिचं फोल्डर सरळ उघडलं. पासवर्ड नाही, विचारणा नाही. मी लगेच बंद केलं. तोवर मला वाटायचं की परवानगी फाइलला चिकटलेली असते. ती नोंद असते फक्त, आणि ती पाळायला लावणारा राखणदार म्हणजे चालू असलेली सिस्टिम. राखणदार झोपला आणि दुसरी सिस्टिम आत आली की नोंदीला कोण विचारतो. म्हणून एनक्रिप्शन. भाचीला त्या निळ्या स्क्रीनचा राग आला होता, तिला मी हेच सांगितलं की तुझा लॅपटॉप हरवला तर कुणीही पेनड्राइव्ह लावून असंच आत जाऊ शकतं, ते होऊ नये म्हणून ती स्क्रीन आहे.

सामाईक गोष्टींमध्ये फर्मवेअरमधली एक नकारयादीसुद्धा येते, कुठले जुने बूटलोडर आता चालू द्यायचे नाहीत त्याची. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या अपडेटबरोबर ही यादी पुढे सरकवली गेली, ग्रबमधली एक जुनी सुरक्षेची चूक बंद करायला, आणि ती ड्युअल बूट मशीनना लागू होणार नव्हती, पण काही मशीन ओळखली गेली नाहीत आणि तिथलं लिनक्स सिक्युअर बूटसकट चालू होईना. माझं चालू झालं, कारण लिनक्सकडची अपडेट मी वेळेवर घेतलेली होती. म्हणून दोन सिस्टिम ठेवायच्या तर दोघींना अधूनमधून उघडायचं, अपडेट करायचं. सहा महिने एकीकडे बघितलंच नाही असं करायचं नाही.

कुणी विचारेल हा एवढा व्याप कशाला, व्हर्च्युअल मशीन आहे, विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय आहे. असेल तर तेच करा, बहुतेकांना तेवढं पुरतं, आणि डेस्कटॉपमध्ये दुसरी डिस्क बसत असेल तर दोघींना दोन डिस्क द्या, बूटच्या वाटेचं निम्मं दुखणं जातं. पण मला लिनक्सवर असताना पूर्ण मशीन लागतं, सगळी रॅम, सगळं ग्राफिक्स कार्ड. आणि खरं सांगायचं तर मला या मशीनमध्ये काय चालतं ते याच खटाटोपातून कळलं. वीस वर्षं कॉम्प्युटर वापरून पहिला सेक्टर म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं.

काल रविवार झाला. भाची सकाळीच आली, सोबत कागदावर उतरवलेली ४८ आकडी की, प्रोजेक्टची कॉपी वेगळ्या डिस्कवर. सिक्युअर बूट चालूच ठेवायचं ठरवलं, तिने निवडलेल्या लिनक्सचा बूटलोडर सही केलेला असतो, त्याला ते चालतं. विंडोजमधूनच जागा काढून ठेवली, बिटलॉकर तेवढ्यापुरतं सस्पेंड केलं, फास्ट स्टार्टअपची टिक काढली. आणि तिच्या मशीनवर ग्रबमधून विंडोजमध्ये जायचंच नाही असंही ठरलं, फर्मवेअरच्या बूट मेनूतूनच निवडायचं, म्हणजे चिपला विंडोजची वाट रोजचीच दिसेल आणि ती की परत मागणार नाही.

शेजारच्या टेबलावर माझा जुना डेस्कटॉप चालू होता, तोच ग्रब रेस्क्यूवाला, लिनक्स नंतर परत टाकलेला. त्यावरच्या विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं ते त्याच्यात नाही. एका जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर फक्त विंडोजचाच आहे, म्हणून तिथलं विंडोज नेटला न जोडता ६० जीबीवर आवळायचं आणि बाकी सगळं लिनक्सला द्यायचं असं चाललेलं. लिनक्सचं पार्टिशन डावीकडे सरकवायचं म्हणजे त्यातला सगळा डेटा उचलून पुन्हा लिहायचा, फिरती जुनी हार्ड डिस्क, जीपार्टेड या पार्टिशनच्या टूलची पट्टी सांगत होती अजून चार तास. स्क्रीनवर मी कागद चिकटवला होता, बंद करू नका.

"मावशी, ती स्क्रीन आली," भाची म्हणाली. "बदल लिहू का विचारतंय."

"घाई नको. मोठ्याने वाच."

तिने कागद हातात घेतला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचायला लागली. "पी वन, २६० एमबी, फॉरमॅट नाही. पी टू, १६ एमबी, ही राखीव. पी थ्री, सी ड्राइव्ह, फॉरमॅट नाही. पी फोर, रिकव्हरी, फॉरमॅट नाही. पी फाइव्ह, नवीन." मग थांबली, वर बघितलं आणि पुन्हा पहिल्या ओळीवर बोट नेलं. "पी वन परत एकदा बघते."